माझ्या कामासाठी चर्चमध्ये कुणी प्रार्थना करत नाही

प्रश्न : पास्टर, मी एका कारखान्यात माल तपासणीचं काम करते. अकरा वर्षं झाली. आमच्या मंडळीत रविवारशाळेच्या शिक्षकांसाठी, गायकांसाठी, सुवार्तेला जाणाऱ्यांसाठी नावं घेऊन प्रार्थना होते. माझ्या कामाबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही. गेल्या महिन्यात न तपासलेल्या मालाच्या तक्त्यावर सही कर, असं वरून सांगण्यात आलं. मी केली नाही. तेव्हापासून विभागात माझ्याशी कुणी धड बोलत नाही. चर्चमध्ये सांगितलं, तर ‘प्रार्थना करा, प्रभू मार्ग दाखवील’ एवढंच ऐकायला मिळालं. चर्चकडून आणखी काही अपेक्षा करणं चूक आहे का?

उत्तर : मुळीच चूक नाही. आधी एक सांगतो, ताई : सही केली नाहीत, हे बरोबर केलंत. हे वाक्य तुम्हाला तुमच्या मंडळीतून महिन्यापूर्वीच ऐकू यायला हवं होतं.

मी अठ्ठावीस वर्षं पाळक होतो. त्यातली पहिली कितीतरी वर्षं माझ्या संदेशात नोकरी-धंद्याचा विषय आला, की तो दशांशाकडेच, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देण्याकडेच वळायचा. मग एकदा आमच्या मंडळीतल्या एक परिचारिका म्हणाल्या, “पास्टर, माझ्या घरी चारदा आलात, आता एकदा वॉर्डात या.” गेलो. सकाळची ड्यूटी बदलत होती. त्या प्रत्येक खाटेपाशी थांबून पुढच्या परिचारिकेला रात्रीची हकिगत सांगत होत्या. सहा नंबरची खाट रिकामी होती. तिथे त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मुलगा पहाटे गेला. आई वाटेत आहे. आली की आधी बसव, पाणी दे, मग सांग. आणि दारात सांगू नकोस.” मग सातव्या खाटेकडे वळल्या, औषधाची मात्रा वाचून दाखवू लागल्या.

या बाईंसाठी मी वर्षानुवर्षं ‘प्रभू, हिला बळ दे’ एवढीच प्रार्थना करत आलो होतो. त्या रविवारी मी मात्रा चुकू नये म्हणून, पहाटे तीनला डोळा लागू नये म्हणून आणि आईला दारात सांगावं लागू नये म्हणून प्रार्थना केली. उपासना संपल्यावर तीन माणसं मला येऊन म्हणाली, आमच्याकडे कधी येता?

म्हणून चर्चने पहिलं काम करावं ते हे : पाळकांनी जाऊन पाहावं. जिथे आत सोडत नाहीत, तिथे निदान बसून नीट विचारावं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? धंदा सोडा, असं तो म्हणत नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, म्हणतो. शिपायांना सांगतो, धाकाने पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका, पगारात समाधान माना. नाक्यावर आणि छावणीत काय चालतं, हे ठाऊक असलेल्या माणसाचं हे उत्तर आहे. बायबलच्याच निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात देवाच्या आत्म्याने भरलेला बसालेल तर कारागीर होता, याजक म्हणजे पुरोहित नव्हे. चांभार, लोहार, शेतकरी आपापलं काम करतात आणि तरीही सगळे सारखेच याजक आहेत, असं प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरने 1520 मध्ये लिहिलं. आम्ही प्रॉटेस्टंट हे अभिमानाने सांगतो, आणि प्रार्थनेच्या यादीत मात्र विसरतो.

इंग्लंडचे पाळक आणि लेखक जॉन स्टॉट यांनी 1982 मध्ये लंडनमध्ये सुरू केलेली एक संस्था मंडळ्यांना एक सोपी रीत सुचवते. उपासनेत एका सभासदाला पुढे बोलवायचं आणि विचारायचं : उद्या या वेळी तुम्ही कुठे असाल? तिथे काय अवघड जातं? आम्ही कशासाठी प्रार्थना करू? पाच मिनिटं लागतात. फक्त डॉक्टर आणि अधिकारी बोलावू नका. झाडू मारणाऱ्यांना, घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांना, काम सुटलेल्यांनाही बोलवा. मालकांनाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातली, मजुरांची अडवलेली मजुरी ओरडते ही ओळ त्यांच्यासमोरही वाचली गेली पाहिजे.

तुमच्यासारख्या पेचाला मात्र पाच मिनिटं पुरत नाहीत. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी 1925 मध्ये तरुण कामगारांची संघटना उभी केली. पाहा, पारखा, करा, अशी त्यांची पद्धत. कामावर जे घडलं ते मांडायचं, शुभवर्तमानाच्या उजेडात पारखायचं, आणि मग काय करायचं ते ठरवायचं. तुमच्या मंडळीत एखादा हिशेबनीस असेल, निवृत्त पर्यवेक्षक असेल. सही करायला नकार देण्याची वेळ त्यांच्यावरही आली असेल, पण कुणी विचारलं नाही म्हणून ते बोलले नसतील. अशा दोघातिघांना गाठा. गोष्ट त्या खोलीबाहेर जाणार नाही, हे आधी ठरवून घ्या.

त्यांच्याबरोबर बसून एक टिपण करा : कोणत्या दिवशी, काय सांगण्यात आलं, तुम्ही काय उत्तर दिलंत. ते जपून ठेवा. यापुढे असा हुकूम आला, तर लेखी मागा. विभागात जो पहिल्यांदा तुमच्याशी बोलेल, त्याच्याशी नेहमीसारखंच बोला. त्यालाही घर चालवायचं आहे. आणि हे पत्र तुमच्या पाळकांना दाखवा. पाळीची वेळ सांगा, कारखान्याच्या फाटकाशी या म्हणा.