वाचक विचारतात: एसीचा गॅस हवेत किती गेला तर चालतो?

प्रश्न: मी अमेरिकेत एसी-हीटिंगचं काम शिकतोय, ईपीए ६०८ ची, म्हणजे तिथल्या पर्यावरण खात्याची गॅस हाताळणाऱ्यांसाठीची, परीक्षा द्यायचीय. क्लासमध्ये सांगतात गॅस हवेत सोडायचा नाही म्हणजे नाही. पण गेजचे (दाब मोजायच्या मीटरचे) होज, म्हणजे नळ्या, काढताना दरवेळी फुस्स होतंच की, मग आम्ही रोज कायदा मोडतोय का?

उत्तर: नाही हो. क्लीन एअर ॲक्ट या अमेरिकन कायद्याच्या कलम ६०८ मधली बंदी जाणूनबुजून सोडण्यावर आहे, आर-२२ सारख्या ओझोनला खाणाऱ्या गॅसवर १ जुलै १९९२ पासून आणि त्यांच्या जागी आलेल्या आर-४१०ए, आर-१३४ए वगैरेंवर १५ नोव्हेंबर १९९५ पासून. गॅस काढून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न चालू असताना जो थोडाफार निसटतो त्याला सूट आहे आणि होज लावताना-काढताना किंवा त्यातली हवा घालवताना जातो तो त्यातच धरतात. पण ही सूट नियमाने काम करणाऱ्यालाच, म्हणजे सर्टिफिकेट असलेला माणूस, मान्यता असलेलं रिकव्हरी मशीन (गॅस काढून सिलेंडरमध्ये भरणारं) आणि ठरलेल्या व्हॅक्यूमपर्यंत गॅस खेचणं, हे सगळं झालं असेल तर. मशीन गाडीतच ठेवून "होताच कितीसा" म्हणणाऱ्याला नाही. होजला लो-लॉस फिटिंग, म्हणजे काढताना गॅस कमी निसटू देणारी जोडणी, लावा, फुस्सही कमी होईल. आणि हो, हीट पंप असला तरी हेच, थंडीत गरम करतो म्हणून आतला गॅस काही वेगळा होत नाही.

प्रश्न: आर-४१०ए ओझोनला काहीच करत नाही म्हणतात, मग तो हवेत सोडायला बंदी का?

उत्तर: ओझोनला करत नाही, पण उष्णता धरून ठेवतो. शंभर वर्षांच्या हिशोबाने एक किलो आर-४१०ए म्हणजे साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड.

प्रश्न: लीक टेस्टला नायट्रोजन भरतो आणि नंतर सोडून देतो, त्यात थोडा आर-२२ पण असतो. हे कसं काय चालतं?

उत्तर: इथेच लोक गडबड करतात, परीक्षेतही आणि कामावरही. रिकाम्या सिस्टीममध्ये लीक शोधायला नायट्रोजन आणि त्यात नावापुरता आर-२२ घातला, तर ते मिश्रण रेफ्रिजरंट (थंड करणारा गॅस) धरत नाहीत, सोडलं तर चालतं. पण सिस्टीममध्ये गॅस आहे, तो काढायचा कंटाळा आलाय म्हणून वरून नायट्रोजन ढकलला आणि "हे तर टेस्टचं मिश्रण" म्हणून व्हॉल्व्ह उघडला, तर तो सरळसरळ बेकायदा. आधी गॅस रिकव्हर करायचा, ठरलेल्या पातळीपर्यंत खाली आणायचा, मगच नायट्रोजन. नुसता आर-२२ भरून लीक बघणं आणि मग सोडणं, तेही नाही चालत. आणि नायट्रोजन संपला म्हणून ऑक्सिजनचा सिलेंडर लावू नका कृपा करून, कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो.

प्रश्न: घरच्या फ्रिजमध्ये आर-६००ए (आयसोब्युटेन) आहे, तोही रिकव्हर करायचा?

उत्तर: कायद्याने सक्ती नाही, घरगुती फ्रिजमधल्या आयसोब्युटेनला सूट आहे. पण पेट घेणारा गॅस आहे, तेव्हा बाहेर मोकळ्या हवेत, आसपास ठिणगी नको. आणि कुणी आर-२२ च्या जुन्या एसीत प्रोपेन भरून ठेवला असेल तर त्याला ही सूट लागू नाही, मुळात तसं भरायलाच परवानगी नाही.

प्रश्न: घरच्या एसीत दर उन्हाळ्यात गॅस कमी होतो, टेक्निशियन भरून जातो. आपोआप गळतो त्याला दंड नाही का? आणि एसी भंगारात दिला तर?

उत्तर: गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. चालू मशीनमधून आपोआप गळणं हे कायद्याच्या भाषेत सोडणं नाही, आणि लीक दुरुस्तीची सक्ती आर-२२ सारख्या गॅससाठी ५० पाउंड किंवा जास्त गॅस असलेल्या मोठ्या सिस्टीमनाच आहे. घरच्या एसीला नाही, पण दरवर्षी पैसे तुमचेच जातात, तेव्हा पुढच्या वेळी भरायच्या आधी लीक शोधायला लावा. भंगाराचं म्हणाल तर साखळीतल्या शेवटच्या माणसावर, म्हणजे बहुतेक वेळा भंगारवाल्यावर, जबाबदारी येते. त्याने गॅस काढायचा किंवा आधीच काढलाय असं सहीचं पत्र घ्यायचं. म्हणून तो तुमच्याकडे कागद मागेल, आणि पाइप कापून आणलात तर घेणारही नाही कदाचित.