मत्सरी रोबो रंगवताना : वाचकांचे प्रश्न

महाविनाशानंतरच्या जगात घडणारी ॲनिमेशन मालिका आणि तिच्यातला मत्सराने जळणारा रोबो, याच विषयावरची पाच पत्रं या वेळी उत्तरांसाठी घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या मालिकेत एक मुलगी, तिचा जुना रोबो आणि अवशेषांत सापडलेला नवा रोबो आहे. जुन्याला नव्याचा मत्सर वाटतो. पण ॲनिमॅटिक (प्रसंगांची चित्रं क्रमाने लावून केलेली कच्ची फिल्म) पाहणारे सगळे म्हणतात, "हा खलनायक आहे." मत्सर का पोचत नाही?

उत्तर : तुमच्या ॲनिमॅटिकच्या वर्णनात जुना आणि नवा रोबो आठ वेळा समोरासमोर येतात आणि त्यातल्या सात वेळा मुलगी चौकटीत नसते. अडचण इथेच आहे. दुसऱ्याकडची वस्तू आपल्याला हवीशी वाटली की तो हेवा, आणि हेव्याला दोघं पुरतात. आपलं माणूस दुसऱ्याकडे वळतंय ही भीती म्हणजे मत्सर, आणि त्याला तिसरं माणूस लागतंच. आपल्या भाषेत 'सवतीमत्सर' असा जोडशब्द आहे, त्यात हे तिघं आधीच बसलेले आहेत. तिसरं माणूस काढून टाकलंत की उरतं ते नुसतं भांडण.

फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली केलेला प्रयोग प्रत्येक ॲनिमेटरने माहीत करून घ्यावा. मोठा त्रिकोण, छोटा त्रिकोण आणि एक वर्तुळ एका चौकोनाभोवती फिरतात, एवढीच ती छोटी फिल्म. ना डोळे, ना आवाज. ती पाहिलेल्या ३४ जणींच्या पहिल्या गटात फक्त एकीने तिचं वर्णन भूमितीच्या भाषेत केलं. बाकीच्यांना त्यात सजीव पात्रं दिसली आणि बहुतेकींनी सलग गोष्टच सांगितली. कोण कोणाच्या जवळ सरकतो, कोण दार अडवतो, एवढ्यावर नातं वाचता येतं. म्हणून तुमचा स्टोरीबोर्ड (प्रसंगांची क्रमवार चित्रं) आधी तीन ठोकळ्यांनी करून पाहा. ठोकळ्यांतून मत्सर कळला नाही, तर सुंदर रिगमधूनही (पात्र हलवण्यासाठी आत बसवलेल्या सांगाड्यातूनही) कळणार नाही. मुलगी चौकटीत नसेल तेव्हा तिची वस्तू तरी ठेवा : पिशवी, पाना, तिचं फडकं.

प्रश्न : रोबोला चेहरा नाही, एकच कॅमेऱ्याचा डोळा आहे. मत्सर वाटला की डोळा लाल करतो. यापेक्षा चांगलं काही सुचवाल? आम्ही सेकंदाला २४ फ्रेमवर काम करतो.

उत्तर : लाल रंग काढाच. तो एका फ्रेममध्ये 'दुष्ट' असं सांगून मोकळा होतो आणि पुढे जायला जागा उरत नाही. शिवाय मत्सर ही लपवायची भावना आहे. लपवण्याची धडपड दिसली की प्रेक्षक पात्राच्या बाजूने उभा राहतो.

एक प्रसंग धरू. मुलगी नव्या रोबोचं सौर पॅनेल फडक्याने पुसतेय आणि जुना पाहतोय. त्याची नजर नव्या रोबोवर नेऊ नका, मुलीच्या हातावर न्या. डोळ्याची झडप २ फ्रेममध्ये आकसू द्या आणि साधारण २० फ्रेम तशीच ठेवा. मग नजर स्वतःच्या धुळकट पॅनेलवर. आधी डोळा वळतो, मान ३ ते ४ फ्रेम उशिरा निघते. पॅनेलवर १२ फ्रेम थांबा, पुन्हा हाताकडे या. तेवढ्यात मुलगी वळून बघते आणि झडप एकाच फ्रेममध्ये पूर्ण उघडते. आकसायला दोन, सावरायला एक. सावरणं जास्त वेगात झालं म्हणजे त्याला पकडलं जाण्याची भीती आहे, हे न सांगता कळतं. हात, पॅनेल, हात हा क्रम बदलू नका. पॅनेल आधी दाखवलंत तर तो नुसता स्वतःची कीव करताना दिसतो.

यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. त्रिमितीत २० फ्रेमचा थांबा पूर्ण गोठवला तर पात्र मेल्यासारखं दिसतं. मानेला अर्ध्या अंशाचा संथ सरक द्या किंवा छातीतल्या पंख्याची थरथर चालू ठेवा. हाताने काढलेल्या चित्रात मात्र स्थिर थांबा खपतो. दुसरी चूक, 'रोबो आहे' म्हणून हालचालीचे सगळे कर्व्ह लिनिअर, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगाचे, ठेवणं. मोटर झटक्यात सुटते हे खरं, पण थांबताना गिअरच्या दातांमधली ढिलाई दिसते : मान एखादा अंश पुढे जाऊन परत बसते. जुन्या रोबोला ही ढिलाई ४ फ्रेमची द्या आणि नव्याला अजिबात देऊ नका. दोघं एकाच वेळी मान वळवतात तेव्हा नवा स्वच्छ थांबतो, जुना डगमगून थांबतो आणि त्याचं त्यालाच ते दिसतं. एकही संवाद न लिहिता मत्सराचं कारण तुमच्या हाती येतं.

तिसरी चूक वजनाची. साधी चाल २४ फ्रेममध्ये दोन पावलं, म्हणजे पावलाला १२ फ्रेम असते. जड यंत्राला १६ ते २० फ्रेम लागतात आणि पाय टेकल्यावर धड आणखी २ फ्रेम खाली दबायला हवं. हे नसलं की पत्र्याचा डबा चालतोय असं वाटतं, आणि डब्याच्या दुःखात कोणी गुंतत नाही.

प्रश्न : यंत्राला मत्सर का वाटावा, याचं पटेल असं कारण हवं आहे. 'त्याच्यात भावना जागी झाली' हे आमच्याच लेखकांना पटत नाही.

उत्तर : लेखकांचं बरोबर आहे. कारण वायरिंगमध्ये आणि हिशेबात शोधा.

वायरिंगचं आधी. मेंदूचे अभ्यासक व्हॅलेंटिनो ब्रायटेनबर्ग यांनी १९८४ च्या पुस्तकात दोन सेन्सर आणि दोन मोटरच्या काल्पनिक गाड्या मांडल्या. उजवा सेन्सर डाव्या मोटरला आणि डावा उजव्या मोटरला जोडला, आणि जास्त प्रकाशाला मोटर जास्त वेगाने फिरली, तर गाडी दिव्यावर चाल करून जाते. तारा सरळ जोडल्या आणि प्रकाशाने मोटरचा वेग घटत गेला, तर तीच गाडी दिव्याजवळ येऊन त्याच्याकडे तोंड करून थांबते. पहिलीला त्यांनी आक्रमक म्हटलं, दुसरीच्या वागण्याला प्रेम. तुमच्या रोबोत मुलीसाठी दुसरी जोडणी आहे आणि 'मुलीजवळचं अनोळखी यंत्र' यासाठी पहिली, कारण कधीकाळी तो पहारेकरी म्हणून बनवला गेला. दोन्ही आज्ञा एकाच वेळी पेटल्या की जे वागणं दिसतं, त्याला आपण मत्सर म्हणतो.

आता हिशेब. ३०० वॉटचं पॅनेल वर्षाला साधारण अर्धा टक्का क्षमता गमावतं असं धरलं तर ४० वर्षांनी २४० वॉट उरतात. रोज ५ तासांचं पूर्ण ऊन धरलं तर १.२ युनिट वीज. बॅटरीत जाता-येता होणारी गळती वजा केली की हाताशी उरतं जेमतेम एक युनिट. चालताना २०० वॉट ओढणारा रोबो त्यावर ५ तास जगतो. दुसरा रोबो आला आणि त्याचं स्वतःचं पॅनेल चालत नसलं, की दोघंही अडीच-अडीच तास. नव्याच्या येण्याने जुन्याचं अर्धं आयुष्य खरोखर गेलं! हा आकडा पहिल्या दोन भागांतच प्रेक्षकाला कळू द्या, भिंतीवर ओढलेल्या रेघांनी कळला तर उत्तमच. रोबोची तक्रार खरी असली पाहिजे, वागणं चुकीचं असलं तरी.

प्रश्न : जुन्या रोबोचं शरीर ४० वर्षांनी कसं दिसेल? आणि त्याने नव्याला अपाय करायचा तर कसा करावा?

उत्तर : सगळीकडे तपकिरी गंज फासू नका. गंज फक्त लोखंड-पोलादावर. ॲल्युमिनियमवर पांढुरका भुकटीसारखा थर येतो, तांब्यावर हिरवट. रबराच्या सीलना ऊन आणि ओझोनने भेगा पडतात, वंगण घट्ट होतं, म्हणून सकाळच्या पहिल्या हालचाली सर्वात अवघड दाखवा. लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेट कडक होऊन ती निकामी होते. लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केली तर आतून खराब होते. पात्रांना पेट्रोल सापडलं तर तेही कामाचं नसेल, कारण ते काही महिन्यांतच बिघडायला लागतं.

अपायासाठी पॅनेलचा कनेक्टर योग्य. पूर्ण न बसवलेल्या सांध्यात रोध वाढतो, तो तापतो, आर्क, म्हणजे फटीतून सलग वाहणारी ठिणगी, पेटते. पॅनेलचा डीसी (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह घरातल्या एसीसारखा क्षणाक्षणाला शून्यावर येत नाही, त्यामुळे आर्क सहजी विझत नाही. जुना रोबो नव्याच्या चार्जिंगच्या वेळी कनेक्टर एक मिलिमीटर सैल करतो. त्याला फक्त दुसऱ्याचं जेवण कमी करायचं असतं. जळतं मात्र दोघांचं एकमेव चालू पॅनेल आणि भाजतो मुलीचा हात. १३ भागांची मालिका असेल तर हे सातव्या-आठव्या भागाआधी नको. त्याआधी बारीकसारीक गोष्टी : फडकं लपवणं, पुढ्यात उभं राहून नव्यावर सावली पाडणं. सावलीचा प्रसंग तर घ्याच, त्याला खर्च काही नाही आणि तो प्रत्येक मुलाला कळतो.

प्रश्न : आवाजावर रिंग मॉड्युलेटर (आवाज यांत्रिक, घरघरता करणारा इफेक्ट) लावला, पण शब्दच कळत नाहीत.

उत्तर : १९६३ मध्ये बीबीसीने 'डॉक्टर हू' मालिकेतल्या डॅलेक या यंत्रासारख्या खलनायकांसाठी ३० हर्ट्झच्या आसपास हीच क्लृप्ती वापरली, पण ते आवाज ओरडणारे, तुटक होते. तुमच्या पात्राला कुजबुजायचं आहे. मूळ आवाज ६५ ते ७० टक्के ठेवा आणि प्रक्रिया केलेला त्याखाली मिसळा. ख, घ, भ यांतला श्वास आणि स-श मधला फरक आधी मरतो, म्हणून ४ किलोहर्ट्झच्या वरचा भाग शक्यतो मूळ आवाजाचाच ठेवा. कलाकाराकडून रोबोसारखं बोलून घेऊ नका. सरळ बोलू द्या, फक्त नव्याचा विषय निघाला की उत्तराआधी ८ ते १० फ्रेम जास्त थांबा.

आणि मराठीने दिलेलं एक हत्यार तुमच्या संवादांत वाया जातंय. जुना रोबो स्वतःबद्दल "मी आलो" म्हणतो, मुलगीही त्याला 'तो' म्हणते. मग त्याने नव्याला सतत नपुंसकलिंगी ठेवावं : "ते आज दोनदा चार्ज झालं." "ते झोपलं का?" कोणीही यावर बोट ठेवायचं नाही, मुलीनेसुद्धा नाही. बाराव्या भागात नवा रोबो ढिगाऱ्याखाली अडकतो आणि जुना पहिल्यांदा विचारतो, "तो कुठे आहे?" या वाक्यावर कोणताही इफेक्ट लावू नका, मूळ आवाज शंभर टक्के राहू द्या.