मुलगी नेरुळच्या कॉलेजात जाणार आहे. आणीबाणीसाठी तिची काय तयारी करून घ्यावी?

पहिल्याच आठवड्यात तिला वर्ग आणि प्रयोगशाळेपासून जिन्याने उतरून मोकळ्या मैदानापर्यंत चालून बघायला सांगा. आग लागली की माणसं रोजच्या दाराकडेच धावतात, म्हणून दुसरा जिना पायाखालचा हवा. त्याला कुलूप असेल किंवा तिथे जुनी बाकं रचली असतील तर प्राचार्यांना लेखी कळवा. पालक म्हणून तुम्ही हे करू शकता, आणि माझ्या मते कराच. आगीत लिफ्ट नाही. धूर वर साचतो, त्यामुळे वाकून चालायचं.

११२ वर पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका तिन्हीसाठी मदत मिळते. रुग्णवाहिकेसाठी १०८ ही आहे. फोनवर पत्ता मात्र नीट सांगता आला पाहिजे. नवी मुंबईत नुसता सेक्टर सांगून चालत नाही: सेक्टर १५ वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, बेलापूरमध्येही आहे. आधी नेरुळ, मग सेक्टर, इमारत, मजला, कोणतं गेट. हे तिच्याकडून एकदा बोलून घ्या.

आणि पावसाळा. २६ जुलै २००५ ला लोकल बंद पडल्यावर हजारो लोक पाण्यातून चालत निघाले होते. हार्बर लाईन थांबली तर तिने कॉलेजातच थांबावं, किंवा जवळ राहणाऱ्या मैत्रिणीकडे जावं. ते घर कोणतं, हे जूनमध्येच त्या मैत्रिणीच्या आईवडिलांशी बोलून ठरवा.