भेटींची यादी कोणी लावली?

"भारतात आलो, सगळ्यांना भेटलो, पण कोणाशीच नीट बोलणे झाले नाही." मी समुपदेशक आहे, आणि परदेशात राहणारी मराठी माणसे सुट्ट्या संपवून परतली की हे वाक्य माझ्या कानांवर हमखास येते. अमेरिकेतून जानेवारीत, युरोपातून सप्टेंबरात, आखाती देशांतून जवळजवळ बाराही महिने. शहरे बदलतात, पण त्या वाक्यामागचा अपराधीपणा तोच असतो. त्यांपैकी एका स्त्रीचा अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

त्यांचे माहेर सांगलीचे, सासर नाशिकचे, शिक्षण आणि पहिली नोकरी पुण्यात, आणि संसार म्युनिकला. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे असून सुट्टीबाहेर विनापरवानगी मुलाला घेऊन प्रवासाला गेल्यास दंड होऊ शकतो. त्यामुळे भारतभेट बसवायची ती म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियातील शाळांच्या सहा आठवड्यांच्या उन्हाळी सुट्टीतच. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि सुट्टी दोनच दिवसांनी संपत होती, म्हणून दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन होताच त्यांनी परतीचे विमान गाठले. त्याआधीचे तीन आठवडे पुणे, सांगली आणि नाशिक या त्रिकोणात गेले होते. रोज दोन-तीन घरे, प्रत्येक घरी चहा, पोहे, ओटी आणि "अजून जरा वेळ बसा ना."

"एवढे करूनही काकू म्हणाल्याच, मॅडम, 'तुम्ही आता मोठी माणसं, आमच्या वाट्याला पाचच मिनिटं,'" व्हिडिओवरच्या पहिल्याच भेटीत त्या सांगत होत्या. "मी कितीही केले तरी कमीच पडते."

"काकूंनी असे म्हणू नये, ही तुमची इच्छा आहे की अट?" मी विचारले.

त्या थोड्या थांबल्या. "अटच असावी. माझ्यावर कोणी नाराज आहे, हे मला सहनच होत नाही."

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून न्यूयॉर्कमध्ये जी विवेकनिष्ठ विचारपद्धती मांडली, तिच्यात माझी घडण झाली आहे. काकूंच्या बोलण्यापेक्षा त्या बोलण्याला घातलेली मनाची अट माणसाला अधिक छळते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. तरीही हे सांगून पटत नाही. ते ज्याचे त्याला दिसावे लागते. म्हणून मी त्यांना त्या तीन आठवड्यांत भेटलेल्या सगळ्यांची क्रमाने यादी करायला सांगितली आणि प्रत्येक नावापुढे त्या भेटीतले अजून आठवणारे एक वाक्य लिहायला सांगितले. पुढच्या सत्राला यादी आली तेव्हा नावे पानभर होती आणि वाक्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. याची मला अपेक्षा होती. मात्र माझे लक्ष वेधले ते यादीत नसलेल्या नावांनी.

"हा क्रम कसा ठरवला होता?" मी विचारले.

"वाटेत येतील तसे."

"कोथरूडची तुमची मैत्रीण वाटेवरच राहते ना? तुम्ही मागे दोनदा तिच्याविषयी बोललात. ती यादीत दिसत नाही."

"ती समजून घेते, मॅडम. ती कधी रागावत नाही."

"आणि आत्या?"

"आत्याकडे वीस मिनिटे गेलो होतो, लिहायचे राहिले. तीही कधी काही बोलत नाही. तिच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, ते मला व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कळले." मग बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणे हे आमच्या कामातले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे कौशल्य आहे. "म्हणजे मी रुसणाऱ्यांकडे आधी गेले," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि न रुसणाऱ्यांना वगळले."

हे वाक्य त्यांचे आहे, माझे नाही, आणि त्यानंतर मी ते कितीतरी जणांच्या यादीला लावून पाहिले आहे. यादी जिव्हाळ्याने लावली आहे, असे आपल्याला वाटत असते. प्रत्यक्षात ती नाराजीच्या भीतीने लागलेली असते. ज्यांच्याजवळ मन हलके व्हायचे, ती माणसे त्यांच्या समजूतदारपणामुळेच मागे पडतात, आणि मग तीस घरे फिरूनही माणूस रिकामाच परततो. मैत्रीच्या बाबतीत तर याची किंमत अधिक मोठी असते. संपर्क तुटला तर नात्यागोत्यापेक्षा मैत्री लवकर विरते, असे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या अभ्यासगटाला आढळले आहे. काकू दहा वर्षांनीही काकूच राहतात, मैत्रिणीचे तसे नसते.

म्हणून मी सुचवते की दहा घरच्या चहापेक्षा एका घरी दोन रात्री राहावे, कारण खरे बोलणे जेवणानंतरच्या आवराआवरीत आणि अंथरुणे घातल्यावर सुरू होते. बाकीच्यांना एखाद्या रविवारी एकत्र जेवायला बोलवावे, आणि "या वेळी घरी येणे जमणार नाही" हे निघण्यापूर्वीच फोनवर, लांबलचक कारणे न देता सांगावे. वर्षभराच्या संपर्कालाही हेच लागू आहे. म्युनिक आणि भारत यांच्यात उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर असते. रविवारी तिकडचा नाश्ता आणि इकडचा स्वयंपाक सहज जुळतो. फोन ओट्यावर ठेवून दोघींनी आपापली कामे करत बोलावे, "काय विशेष?" हा प्रश्नच मग उरत नाही. आईवडील शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतात, आणि त्यातले बरेच दिवस लोक त्यांना स्वित्झर्लंड-पॅरिस दाखवण्यात घालवतात. माझे मत विचाराल तर नातीला शाळेत सोडायला आजोबांनी रोज जावे, याची सर कोणत्याही सहलीला नाही.

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे सुट्टीच्या ऐन मध्यावर आली. या वेळी त्या आत्याकडे दोन रात्री राहिल्या आणि एक अख्खा दिवस कोथरूडच्या मैत्रिणीकडे. काकू रुसल्याच. काकूंना फोन करून त्यांनी "तुमचे वाईट वाटणे मला कळते" एवढेच म्हटले आणि बेत बदलला नाही. नाशिककडची यादी मात्र त्यांच्या यजमानांनी स्वतः करायची आहे, आणि त्यासाठी पुढच्या सत्राला मी दोघांनाही बोलावले आहे.