वाचकांचे प्रश्न : विलगीकरण लागले, तर व्हॅन उभी कुठे करायची?

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त असून कोथरूडला राहतो. दिवाळीनंतर सहा-सात महिने कॅम्पर व्हॅनने कोकण, गोवा, कर्नाटकचा किनारा आणि केरळ असा प्रवास करण्याचा विचार आहे. आमची नऊ वर्षांची, अठरा किलो वजनाची देशी कुत्री बरोबर असेल, कारण तिला इतके दिवस कोणाकडे ठेवणे जमणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत माझे दीर आणि जाऊबाई परगावी अडकून पडले होते, त्यामुळे मनात एक धास्ती आहे. वाटेत एखादी साथ आली आणि आम्हाला विलगीकरणात राहावे लागले, तर व्हॅन हेच आमचे घर मानले जाईल का? कुत्रीचे काय होईल? आणि त्या दृष्टीने व्हॅनमध्ये कोणती तयारी असावी?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : व्हॅन घर मानली जाईल, असे गृहीत धरून निघू नका. २०२० मधले आदेश १८९७ चा साथरोग अधिनियम आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे निघाले होते, आणि त्यांची अंमलबजावणी जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त आणि ग्रामपंचायती आपापल्या परिस्थितीनुसार करत होत्या. गृहविलगीकरण म्हणजे डाव्या हातावर शिक्का, दारावर सूचना आणि चौकशीसाठी येणारे फोन. ही सारी व्यवस्था पत्ता असलेल्या माणसासाठी होती. ज्यांना गावात पत्ता नव्हता किंवा ज्यांच्या घरात वेगळी खोली नव्हती, त्यांची सोय अनेक ठिकाणी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. कित्येक गावांनी वेशीवर काट्याकुट्या टाकून रस्ते बंद केले होते, आणि पुण्या-मुंबईच्या पाट्यांच्या गाड्यांकडे लोक कोणत्या नजरेने पाहत होते हे आपल्याला आठवत असेलच. गणपतीला स्वतःच्या घरी कोकणात जाणाऱ्यांनाही त्या वर्षी आधी दहा दिवस विलगीकरणात राहण्याची अट होती. मग समुद्रकिनारी उभ्या असलेल्या एमएच-१२ च्या व्हॅनला कोणी सहज आपले म्हणेल, ही अपेक्षा फार झाली.

म्हणून माझ्या मते या प्रवासाची खरी तयारी व्हॅनच्या आत नसून बाहेर आहे. विलगीकरणात गाडी चालत नाही, ती थांबते, आणि थांबण्याची जागा आधी ठरलेली असावी लागते. प्लेगच्या काळात आपल्याकडची माणसे गावठाण सोडून शेतात झोपड्या घालून राहत असत. वस्तीपासून दूर, पण कोणाच्या तरी मालकीच्या आणि माहितीच्या जागेत राहणे ही त्या व्यवस्थेतील शहाणपणाची बाजू होती आणि आपल्यालाही तीच उपयोगी पडेल. मार्गावर साधारण एका दिवसाच्या प्रवासाइतक्या अंतराने एखादी वाडी, शेत, घरगुती निवास किंवा नातेवाइकांचे अंगण निश्चित करा. मालकांना फोनवरच स्पष्ट विचारा की प्रसंग आला तर पंधरा-वीस दिवस गाडी उभी करून राहिलो तर चालेल का, कुत्री चालेल का, विहिरीचे किंवा नळाचे पाणी मिळेल का. होकार मिळाला की तो लेखी घ्या, निदान संदेशाच्या स्वरूपात तरी. ग्रामसेवक किंवा आरोग्यसेविका चौकशीला आली, तर "आम्ही अमुक यांच्या जागेत राहतो" हे एक वाक्य पाच कागदांपेक्षा अधिक कामाला येते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले असले, तरी सहा महिन्यांचा आराखडा केवळ कॅराव्हॅनसाठीच्या जागांच्या भरवशावर करू नका.

साथ म्हटली की आपल्याला कोविडच आठवतो, पण आपण केरळपर्यंत जाणार आहात. तेथे कोळिकोड परिसरात २०१८ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२३ मध्ये निपाहचे रुग्ण सापडले. २०२३ मध्ये बाधित गावांभोवती प्रतिबंधित क्षेत्रे जाहीर झाली आणि संपर्कात आलेल्यांना २१ दिवस निरीक्षणाखाली राहावे लागले. देशभर काहीही नसताना एका तालुक्यापुरते असे निर्बंध येऊ शकतात. स्थानिक बातमी कानावर पडताच तेथून निघण्यासाठी इंधनाची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ न देणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. मात्र निर्बंध जाहीर झाल्यानंतर आडवाटेने निसटण्याचा विचारही करू नका. राज्याच्या सीमेवरचे नियमही अचानक बदलतात. २०२१ च्या फेब्रुवारीत कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी ७२ तासांच्या आतला चाचणी अहवाल बंधनकारक केल्यावर निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावरून अनेकांना मागे फिरावे लागले होते. आणखी एक गोष्ट म्हणजे निपाहचा विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांतून येतो, आणि मलेशियातील १९९८-९९ च्या साथीत डुकरांबरोबर कुत्र्यांतही संसर्ग आढळला होता. झाडाखाली पडलेली अर्धवट खाल्लेली फळे कुत्रीला चघळू देऊ नका.

आता कुत्रीविषयी. आपल्यापैकी एकाला रुग्णालयात किंवा संस्थात्मक विलगीकरणात जावे लागले, तर दुसरा तिला सांभाळेल. पण दोघांनाही जावे लागले, तर तिला बरोबर घेतले जाणार नाही हे निश्चित समजा. त्यासाठी दोन माणसे हवीत. एक पुण्यातील, जी परवानगी मिळताच येऊन तिला घेऊन जाईल, आणि दुसरी त्या त्या टप्प्यावरची, जी तोपर्यंत तिला खाऊपिऊ घालील. दोघांच्या नावे स्वाक्षरी केलेले अधिकारपत्र तयार ठेवा. त्यात लसीकरण पुस्तिकेची प्रत, तिचे खाणे, चालू औषधे, नेहमीच्या पशुवैद्यांचा क्रमांक आणि उपचारासाठी किती खर्चापर्यंत आपली संमती आहे हे लिहा. खर्चाची ही ओळ लिहायला संकोच वाटतो, परंतु ती नसेल तर सांभाळणारा माणूस दवाखान्याच्या दारात अडखळतो. दिलासा देणारी गोष्ट अशी की २०२० मध्ये पशुवैद्यकीय दवाखाने आणि पशुखाद्य यांना टाळेबंदीतून सूट होती. कोविड काही कुत्र्यांना माणसांपासून झाला, पण त्यांच्यापासून माणसांना होण्याचा धोका अगदी कमी असल्याचे दिसून आले. तरीही आजारी व्यक्तीने तिला कुरवाळू नये आणि तिचे खाणेपिणे दुसऱ्याने पाहावे.

विलगीकरण कुत्रीलाही लागू शकते, हे बहुतेक प्रवासी विसरतात. तिने कोणाला चावा घेतला, तर रेबीजच्या दृष्टीने तिला दहा दिवस बांधून निरीक्षणाखाली ठेवावे लागते आणि तेवढे दिवस मुक्काम हलवता येत नाही. उलट किनाऱ्यावरच्या भटक्या कुत्र्यांच्या टोळीने तिला चावले, तर आधीची लस झालेली असली तरी जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने धुऊन लगेच पुन्हा डोस घ्यावे लागतात. निघण्यापूर्वी रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिस या दोन्ही लसी अद्ययावत करा. नऊ वर्षे हे उतरतीचे वय असल्याने मूत्रपिंड आणि यकृताच्या रक्तचाचण्याही करून घ्या.

बाहेर फिरवण्याची मुभा नसेल तेव्हा देशी कुत्र्यांची एक अडचण हमखास पुढे येते. झोपण्याच्या जागेजवळ घाण करायची नाही हा त्यांचा जातिवंत स्वभाव असल्याने ती तासन्‌तास लघवी धरून ठेवतात, आणि या वयात त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. याची सवय पुण्यातच लावा. व्हॅन सोसायटीच्या आवारात उभी करून तिच्या मागच्या चाकापासून चार पावलांवर जुनी चटई टाका, तिच्याच लघवीचा वास असलेला वर्तमानपत्राचा तुकडा त्यावर ठेवा आणि छोट्या दोरीवर तिला रोज पहाटे तेथेच न्या. पहिले काही दिवस ती चटई हुंगून, गोल फिरून, आपल्याकडे तक्रारीच्या नजरेने पाहत परत गाडीत चढेल. घाई करू नका, आणि ओरडू तर मुळीच नका.

व्हॅनमधील तयारीत पाणी पहिले. काटकसरीने वापरले तरी पिणे, स्वयंपाक, भांडी आणि अंग पुसणे यांसाठी माणशी दहा लिटर धरा. कुत्रीला पिण्यासाठी दिवसाला सुमारे एक लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक लागेल. भांडी धुण्यासह तिचे दोन लिटर धरू. म्हणजे रोजचे बावीस लिटर झाले, आणि शंभर लिटरची टाकी पाचव्या दिवशी कोरडी पडेल. चौदा दिवसांत ती तीनदा भरावी लागेल, म्हणून मुक्कामाच्या जागेचा आग्रह मी वर धरला. भरलेले पाणी उकळून किंवा गाळून घ्या. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली आणि संशय दूषित पाण्यावर गेला, ते पुणेकरांना सांगायला नको.

उष्णतेचा प्रश्न मात्र पाण्याहून कठीण आहे. मार्च उजाडला की किनाऱ्यावर दमटपणा वाढतो, आणि कुत्रे धापा टाकून अंग थंड करते त्या क्रियेला दमट हवेत फारसे यश येत नाही. बाहेर ३५ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीचे तापमान अर्ध्या तासात पन्नाशीपर्यंत जाऊ शकते. कुत्रीचे शरीर ३९ अंशांच्या आसपास असते आणि ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते. शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी छतावरचा पंखा रात्रभर चालवील, लहान फ्रिजही सांभाळील, पण वातानुकूलन यंत्र जेमतेम तासभर ओढील. तेव्हा भरवसा सावलीवर ठेवा. आंब्याची किंवा वडाची सावली उत्तम, माडाखाली मात्र गाडी कधीही उभी करू नका. सावलीत सौर पॅनेल निरुपयोगी ठरत असल्यामुळे लांब वायरचे, उन्हात हलवता येणारे पॅनेल घ्या. घरगुती लाल सिलिंडर आत ठेवण्याचा मोह टाळा. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो, आणि आपली कुत्री नेमकी तेथेच झोपलेली असते.

एका जागी राहिल्यावर गोचिडांचा त्रास वाढतो. रोज संध्याकाळी कानाची घडी उलटून, गळपट्टा काढून आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या फाकवून पाहा. रक्त प्यायलेली गोचीड एरंडाच्या बीसारखी टम्म दिसते, पण बारीक पिल्ले बोटालाच लागतात. सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले असून तो आजार मुख्यतः गोचिडीमार्फत माणसाला होतो. त्या बाजूच्या जंगलात मुक्काम करू नका. अभयारण्यातही कुत्रीला नेऊ नका. गीरमध्ये २०१८ साली सिंह दगावले, त्यामागे कुत्र्यांमध्ये आढळणारा डिस्टेंपरचा विषाणू होता.

व्हॅन स्वतः बांधून घेत असाल, तर एक कायदेशीर बाब सांगून हे उत्तर संपवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ नोंदणीशी विसंगत बदल चालत नाहीत. आरटीओची नोंद आणि विम्यातील उल्लेख पूर्ण झाल्याखेरीज निघू नका.

प्रश्न : आमची मुलगी म्युनिकला असते. पुढच्या उन्हाळ्यात आमचा लॅब्रॅडोर बरोबर घेऊन, तेथे व्हॅन भाड्याने घेऊन फिरण्याचे ठरत आहे. विमानतळावर त्याला विलगीकरणात ठेवतील का?
– एक वाचक, औंध

उत्तर : कागद पूर्ण असतील तर ठेवणार नाहीत, मात्र ते पूर्ण व्हायला चार महिने लागतात, म्हणून आजच सुरुवात करा. आधी मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस, हा क्रम उलटला तर लस ग्राह्य धरत नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत जाते, आणि प्रतिपिंडांची पातळी ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिलिलिटर किंवा अधिक आली, तर रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबून प्रवेश मिळतो. पुढील लसी मुदतीत घेतल्या तर हा अहवाल कुत्र्याला आयुष्यभर चालतो. मुदत एका दिवसाने चुकली तरी सारे पहिल्यापासून करावे लागते. कागदांत उणीव राहिली, तर त्याला आपल्या खर्चाने विलगीकरणात ठेवतात किंवा परत पाठवतात.

व्हिसामुळे आपल्याला शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच राहता येईल, म्हणजे सहलीची मर्यादा आपली आहे, त्याची नव्हे. ब्रिटनला किंवा नॉर्वेला जाणार असाल, तर प्रवेशाच्या २४ ते १२० तास आधी पशुवैद्याकडून पट्टकृमीचे औषध देऊन नोंद करून घ्यावी लागते. परतीसाठी भारताच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेचे ना-हरकत प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच मिळवा. या सेवेचे केंद्र पुण्यात नाही, त्यामुळे येतानाचे विमान मुंबईचे घ्या. आपण पत्रात ऑस्ट्रेलियाचाही उल्लेख केला आहे. तो विचार सहलीपुरता सोडून द्या. भारतातून कुत्रा तेथे थेट जाऊच शकत नाही आणि मान्यताप्राप्त देशामार्गे गेला तरी मेलबर्नजवळच्या मिकलम येथील सरकारी केंद्रात किमान दहा दिवसांचे विलगीकरण चुकत नाही.

प्रश्न : कुत्र्याऐवजी मांजर असेल तर व्हॅनमध्ये विलगीकरण सोपे जाते का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : फिरवण्याच्या बाबतीत सोपे जाते, कारण मांजराला मातीचा ट्रे पुरतो. परंतु अनोळखी जागी उघड्या दारातून निसटलेले मांजर हाकेला येत नाही आणि विलगीकरणातल्या माणसाला त्याच्या मागे जाता येत नाही. दाराला आतून जाळीचे दुसरे दार बसवा, अंगावर पट्टा घालण्याची सवय लावा आणि पट्ट्याला आपला क्रमांक बांधा. दार उघडण्यापूर्वी ते पिंजऱ्यात आहे याची दर वेळी खात्री करा, दिवसातून कितीही वेळा उघडावे लागले तरी.