नवी मुंबईखाली भ्रंश, म्हणजे खडकातली सरकलेली भेग, आहे म्हणतात. नेरुळला फ्लॅट घ्यावा का?

घ्या, पण भ्रंशाच्या नकाशापेक्षा मातीचा रिपोर्ट आधी मागा. पनवेल-कल्याण पट्ट्यात बेसॉल्टचे (लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकाचे) थर समुद्राकडे कललेले आहेत, त्याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. खाडीच्या बाजूलाही भ्रंश असल्याचं भूशास्त्रज्ञ मांडतात. पण लाव्हाच्या जाड थराखाली काय दडलंय ते वरून कळत नाही. किल्लारी भूकंपधोक्याच्या तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होतं, आणि 1993 मध्ये काय झालं ते आपण पाहिलंच. आयएस 1893 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत नवी मुंबई झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोका.

खरी भानगड खाडीच्या गाळाची. मऊ चिकणमातीत हादरा वाढू शकतो, त्यामुळे भूकंप दूरचा असला तरी भरावावरची इमारत खडकावरच्या इमारतीपेक्षा जास्त हलू शकते. बोअरहोलच्या (माती तपासायला पाडलेल्या छिद्रांच्या) नोंदीत खडक किती मीटरवर लागला आणि पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, तिथपर्यंत गेलेत का, एवढं बघा.

काम चालू असेल तर कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगा बघा: त्यांच्या टोकांचे हूक 135 अंशांत आत वळलेले हवेत. 90 अंशांवर सोडलेले दिसले तर सरळ दुसरी इमारत शोधा. खाली नुसतं पार्किंग, भिंती नाहीत, अशा मजल्याबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरला जरूर विचारा. सॅम्पल फ्लॅटच्या टाइल्स नंतर बघता येतील.