एनडीएची लेखी पास, एसएसबी बाकी: इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कोल्हापूरचे, यंदा बारावी सायन्स झालात. एप्रिलची एनडीएची (नॅशनल डिफेन्स अकॅडमीची) लेखी परीक्षा पास आहात, सीईटीचा पर्सेंटाइलही बरा आहे. एसएसबीचं, म्हणजे सैन्यदलाच्या निवड मुलाखतीचं, बोलावणं यायचंय. मग कॅप राउंडला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशफेरीला, अर्ज करावा का, आणि दोन्ही एकदम चालतं का?

अर्ज करा आणि प्रवेशही घ्या. एप्रिलच्या परीक्षेतून निवड झालेल्यांचा कोर्स पुढच्या जानेवारीच्या सुरुवातीला खडकवासल्याला सुरू होतो. एसएसबी, मेडिकल आणि अंतिम गुणवत्ता यादी यातच तुमचं वर्षअखेर उजाडेल. तोवर इंजिनिअरिंगचं पहिलं सेमिस्टर जवळपास संपलेलं असतं. रुजू होईपर्यंत कॉलेजला जायला कुणाची आडकाठी नाही. रुजू झाल्यावर मात्र कॉलेज बंद. ट्रेनिंग निवासी असतं आणि त्या काळात बाहेरची परीक्षा किंवा मुलाखत देता येत नाही.

खरा प्रश्न पैशांचा आहे, आणि घरात आधी त्यावरच बोलून घ्या. प्रवेशाच्या अंतिम तारखेपर्यंत प्रवेश रद्द केला तर 1000 रुपये कापून बाकी फी परत मिळते. ती तारीख उलटली की डिपॉझिट सोडून फारसं काही हाती येत नाही. तुमची गुणवत्ता यादी साधारणपणे या तारखेनंतरच लागेल. म्हणून पहिल्या वर्षाची फी गेली तरी घरावर ताण येणार नाही असंच कॉलेज निवडा. मॅनेजमेंट कोट्यातून जास्त पैसे भरून जागा धरण्यात तुमच्या बाबतीत काही अर्थ नाही. गोकुळ शिरगाव किंवा कसबा बावड्याला घरून जाऊन-येऊन करता आलं तर होस्टेल आणि मेसचा खर्च तरी वाचतो.

पर्याय भरताना एक नियम नीट समजून घ्या. 2025-26 पासून पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही मिळालं तरी तसंच होतं. ती नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर पडाल. ‘बघू तरी मिळतंय का’ म्हणून पुण्याचं एखादं महागडं कॉलेज वर टाकू नका.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मूळ कागदपत्रांचा. एसएसबीला दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं लागतात. जन्मतारखेसाठी दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्रच धरतात, जन्मदाखला चालत नाही. कॉलेजने मूळ मार्कशीट तपासून परत द्यायला हवी, पण प्रवेशाच्या गर्दीत ‘राहू दे फाईलला’ असं म्हणतात आणि मुलं गुपचूप ठेवून येतात. तसं करू नका. एलसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, द्यावीच लागते. देण्याआधी तिच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढा आणि जमा केलेल्या प्रत्येक कागदाची शिक्का मारलेली पोच घ्या. एखादी मूळ प्रत ठेवून घेतलीच, तर एसएसबीचं कॉल लेटर जोडून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या.

नावाचंही आजच पाहा. आपल्या बोर्डाच्या कागदांवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकांचं शेवटी. क्रम उलटा असण्यापेक्षा स्पेलिंगमधला फरक जास्त अडवतो: वडिलांच्या नावात एकीकडे ‘राव’ आहे आणि दुसरीकडे नाही, असं आपल्याकडे सर्रास दिसतं. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरून आधार दुरुस्त करून घ्या.

लेखी निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत जॉइन इंडियन आर्मीच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. आधी केलेली नसेल तर आजच करा, नाहीतर एसएसबीचं बोलावणंच येणार नाही. तारीख निवडायची सोय मिळाली तर कॅपचं वेळापत्रक समोर ठेवूनच निवडा. एसएसबी पाच दिवसांची असते, आणि पहिल्याच दिवशीच्या स्क्रीनिंगमध्ये बाहेर पडलात तर त्याच दिवशी परत पाठवतात. केंद्र बेंगळुरू आलं तर मिरजेहून गाडी सोयीची; भोपाळ आलं तर गोवा एक्सप्रेस मिरजेवरूनच जाते. सीट स्वीकारणं तुमच्या लॉगिनवरून ऑनलाइन होतं, पण कॉलेजात हजर व्हायचे दिवस मोजकेच असतात. ते दिवस आणि एसएसबी एकत्र येऊ देऊ नका.

एसएसबीत शिफारस झाली म्हणून लगेच प्रवेश रद्द करायला धावू नका. शिफारस झालेले आणि मेडिकलमध्ये फिट ठरलेलेही गुणवत्ता यादीत मागे पडतात. लेखीचे 900 आणि एसएसबीचे 900 मिळून ती यादी लागते. जॉइनिंग लेटर हातात येईपर्यंत कॉलेजची हजेरी आणि सबमिशन चालू ठेवा. मेडिकलमध्ये तात्पुरतं अनफिट ठरवलं तर अपील बोर्डापुढे जायला 42 दिवस मिळतात. वजन, दात, कानातला मळ ही कारणं आधीच निस्तरता येतात, तेव्हा एसएसबीला निघण्याआधीच डॉक्टरांना दाखवून घ्या.

शेवटी, वर्दी आणि इंजिनिअरची पदवी दोन्ही हवं असेल तर फक्त एनडीएवर अवलंबून राहू नका. एनडीएत आर्मीच्या कॅडेटना बीएस्सी किंवा बीए मिळते, बी.टेक. नौदलाला आणि हवाई दलातल्या काहींना. आर्मीत थेट इंजिनिअरिंग हवं तर टेक्निकल एंट्री, म्हणजे टीईएस, बघा: पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) 60 टक्के लागतात, ही एंट्री मुलांसाठीच आहे, आणि जेईई मेन दिलेली असणं सक्तीचं आहे. आपल्याकडे बरेच जण फक्त सीईटी देतात, त्यांच्यासाठी हा दरवाजा तिथेच बंद होतो. तुम्ही जेईई दिली असेल तर टीईएससोबत नौदलाच्या बी.टेक. कॅडेट एंट्रीचीही जाहिरात बघा. तिथे पीसीएमला 70 टक्के लागतात आणि निवड जेईईच्या रँकवर होते. जेईई दिली नसेल आणि एनडीएही हुकली, तर हातात असलेलं इंजिनिअरिंग पूर्ण करा. शेवटच्या वर्षाला असतानाच आर्मीच्या टीजीसी (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स) आणि एसएससी (शॉर्ट सर्व्हिस कमिशन) टेक्निकलसाठी अर्ज करता येतो; दोन्हींची वयोमर्यादा 20 ते 27 आहे.